सलामवाला जाकी

कडा गावच्या सटवाला, वारं सुटलं की त्याची आई सारजाबाई आधी हाक मारायची आणि मग मेंढरं गोळा करायची. इतका तो बारका. मिसरूड फुटून तिची मिशी झाली, तरी अंगाला मांस धरेना. सारजाबाईनं दूध पाजलं, तूप पाजलं, म्हसोबाला कोंबडं कबूल केलं. म्हसोबाला कोंबडं पोचलं आणि सटवा होता तसाच राहिला.

घोड्यावर बसण्यात मात्र गडी वस्ताद. मेंढरांमागं रानोरान हिंडताना घरचं एक तट्टू सोबत असायचं. त्याच्या पाठीवर बाजलं, भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्यांचं खुराडं, आणि सगळ्यांच्या वर सटवा. तट्टू उधळलं की भांडी पडायची, कोंबड्या उडायच्या. सटवा जागचा हलायचा नाही.

एकदा नदीच्या उतारावर हा तमाशा अर्जुनराव देशमुखांनी पाहिला. अर्जुनराव म्हणजे मुलखातलं बडं प्रस्थ. निजामाच्या अंमलदारांत ऊठबस, घरी धान्याची पेवं भरलेली. एवढं असूनही त्यांची एक भूक काही भागत नसे, ती नमस्काराची. रोज सकाळी ते कल्याण नावाच्या आपल्या पंचकल्याणी घोड्यावर बसून गावातून निघत. काम काही नसे. पारावरची माणसं त्यांना बघून उठत, मग अर्जुनराव घोडा थांबवत, हात वर करत, ‘बरं हाय ना?’ म्हणत आणि पुढच्या पाराकडे वळत. असा पाच-सहा गावांचा फेरा झाला की त्यांना जेवण गोड लागे.

त्या साली मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, रिसाल्याच्या छावणीनं घोड्यांच्या शर्यती ठेवल्या. बाहेरच्यांनाही घोडे आणायची मुभा होती. रिसालदार येणार, गोरे साहेब येणार, हैदराबादचे सरदार येणार. एवढे सलाम एका जागी मिळणार म्हटल्यावर अर्जुनरावांना झोप लागेना. त्यांनी सटवाला बोलावलं.

“काय बे, शर्यतीत बसतो का? मजुरी देईन.”

सटवाच्या आधी सारजाबाईच बोलली, “घोड्यावर बसायची मजुरी? आवं देशमुख, आमी पिढ्यान् पिढ्या फुकट बसतोय की!”

मोमिनाबादेत स्वारांना काट्यावर तोलत होते. सटवा पारड्यात बसला आणि पारडं हललंच नाही. तोलणारा म्हणाला, “अरे मियाँ, बसा ना!” सटवा म्हणाला, “बसलोय की.” शेवटी वजन भरायला खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालाव्या लागल्या. अर्जुनरावांना त्याचाही अभिमान. ते भेटेल त्याला सांगत सुटले, “आमचा स्वार बगा, हवेपरीस हलका!”

झेंडा पडला. कल्याण असा सुटला की रिसाल्याचे घोडे मागच्या धुळीत दिसेनासे झाले. वळणावर सटवानं मागं पाहिलं, कुणी नाही. आता समोर नुसतं सरळ मैदान आणि दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर, बाजल्यांवर, सतरंज्यांवर बसलेले लोक. घोडा जवळ येताना पाहून लोक आरडत उठले.

आणि कल्याण थांबला.

चारही पाय रोवून थांबला. सटवा घसरत त्याच्या मानेवर आला. “चल बे! चल की लेका!” त्यानं टाचा मारल्या, आयमाय काढली. कल्याण ढिम्म. मान तोलून तो लोकांकडे मोठ्या मायेनं बघत उभा. मागचे घोडे एकेक करून पुढं निघून गेले. एक म्हातारा रिसालदार, घोड्याचं काही दुखलं-खुपलं की काय म्हणून पुढं आला आणि म्हणाला, “सलाम, भाई.”

सटवा गरीब असला तरी वळणाचा. त्यानं हात कपाळाला नेला, “सलाम, साहेब.”

हात वर गेला मात्र, कल्याण बाणासारखा सुटला. पण तोवर बाकीचे स्वार उतरून पाणी पीत होते.

“कावून थांबला बे?” अर्जुनराव लालबुंद.

“मी न्हाई थांबलो. घोडा थांबला.”

“मग घोडा कावून थांबला?”

सटवा पागोटं सारखं करत म्हणाला, “मालक, रागावू नगा. मानसं उठली म्हणून थांबला. तुमी रोज थांबता न्हाई का? हात वर केल्याबगर त्यो म्होरं जात न्हाई.”

अर्जुनरावांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, “मग हात वर कर की! त्यायनी उठायच्या आदी कर!”

“आन् लगाम?”

“कोंबड्या धरून बसतो, एका हातानं लगाम धरता येत न्हाई व्हय?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्यत होती. या खेपेला झेंडा पडल्यापासूनच सटवानं सलाम चालू केले. उजवीकडे सलाम, डावीकडे सलाम. बाभळीला सलाम, पखालीच्या रेड्याला सलाम, जे जे उभं दिसलं त्याला सलाम. कल्याणची खातरी पटली की आज रामराम उरकत आहेत, थांबायचं कारण नाही. लोकही खूश. एवढ्या धांदलीत हा गडी आपली विचारपूस करतो म्हणून साऱ्यांनी उठून उलटे सलाम केले. गर्दीत उभ्या अर्जुनरावांना वाटलं, ते आपल्यालाच. तेही दोन्ही हातांनी घेत राहिले. शर्यत कधी संपली आणि आपला घोडा कधी जिंकला, ते त्यांना दुसऱ्याकडून कळलं.

पण पुढचे चार दिवस लोक आधी सटवाला सलाम करायचे, मग अर्जुनरावांना. म्हणून हैदराबादच्या एका नवाबानं सटवाला आपल्या पागेवर मागितलं, तेव्हा देशमुखांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. “जा बाबा, नाव काढ,” म्हणाले, “पर तिकडंच काढ.”

सटवा पगारी जाकी, म्हणजे शर्यतीचा स्वार, झाला. गावात सारजाबाई सांगू लागली, “माजा सटवा हैदराबादेत जाकीट झालाय.” लोक म्हणाले, निदान कुणाच्या तरी अंगाला येतोय.

नवाबाचे घोडे खानदानी. त्यांना सलामाची गरज नव्हती. पण सटवाचा हात आता ऐकेना. घोडा दौडला की हात आपोआप कपाळाला जाई. ‘सलामवाला’ म्हणून लोक त्याला ओळखू लागले. एका मोठ्या शर्यतीत त्याच्या बरोबरीनं एक गोरा जाकी चालला होता. सटवाचा हात वर गेला. गोऱ्याला वाटलं, आपल्यालाच. तोही रीतभात पाळणारा. त्यानं टोपी काढून जबाब दिला. टोपी वाऱ्यावर गेली, ती धरायला गोरा वळला आणि त्याचा घोडा त्याला घेऊन भलतीकडेच गेला. सटवा जिंकला. तक्रार झाली. ‘शर्यत चालू असता सलाम करू नये’ असा हुकूम निघाला.

मग सटवा दोन्ही हातांनी लगाम घट्ट धरून मान लववू लागला. आठ-दहा हंगाम त्यानं असे गाजवले.

एका दिवाळीच्या सुमारास तो एका तापट घोडीवर होता. कठड्यापलीकडे कुणी बडी असामी उठून उभी राहिली आणि हुकूम विसरून सटवाचा हात टोपीला गेला. डोळ्याच्या कोपऱ्यात हात हललेला दिसताच घोडी बिचकली, आडवी उडाली. सटवा कठड्यावरून थेट पलीकडच्या सीताफळांच्या पाटीत.

“डोळं फुटलं का रं तुजं? समदी फळं पिकली हुती!”

ही बोली गावाकडची! नाकातोंडात गर भरलेला सटवा पडल्या पडल्या रडायलाच लागला.

“लागलं का रं लई?” फळवाली बाई जरा वरमली.

“न्हाई. तुमी कुन्या गावच्या?”

“धारूरच्या. आन् बिया थूक आदी, गिळू नगंस.”

तिचं नाव कडूबाई. बापाबरोबर फळं विकायला आली होती. चौकशी केली तेव्हा सोयरिकीत बसणारंच घर निघालं. धारूरला लग्न ठरलं. एवढा नामांकित जाकी म्हणून सासऱ्यानं नवरदेवासाठी शेजारच्या गावाहून शृंगारलेला घोडा आणला. सटवा घोड्याला हात लावून पाया पडला, पण बसेना.

“बसा की पाव्हणं,” सासरा म्हणाला, “तुमाला काय नवं हाय?”

“घोड्यावर मी पगारासाटी बसतो, मामा. लगीन हौसंनं करतोय.” आणि मुंडावळ्या सावरत तो मारुतीपासून मांडवापर्यंत पायी चालत गेला. वाजंत्रीवाले मागं राहिले, इतका भराभर.

पुढं आणखी काही हंगाम तो हैदराबादेत घोड्यावर बसला. मग एका पडण्यात गळ्याजवळचं हाड मोडलं, ते नीट सांधलं नाही. नवाबानं शेला देऊन निरोप दिला. नवराबायको धारूरला येऊन राहिली. तट्टू घ्यायचं असलं की लोक सटवाला घेऊन जात. तो जनावराच्या कानाशी काहीतरी पुटपुटे आणि घ्या किंवा घेऊ नका, एवढंच सांगे.

बाजारात बाया कडूबाईला विचारायच्या, “तुजा मालक किती शर्यती जितला गं?”

“मला काय ठावं?” सीताफळं रचता रचता ती म्हणायची. “जितला तवा म्होरनं भुर्रकन गेला. हरला त्या दिशी मला गावला.”