घाटात उतरलेला फौजी

आमची जुन्या स्कूटरवाल्यांची एक टोळी आहे. कोण भोसरीचं, कोण थेरगावचं, मी चिखलीचा. आमच्या गाड्या किक मारण्याआधी एका बाजूला कलवाव्या लागतात, मगच जाग्या होतात. नवी पोरं ते बघून हसतात. हसू दे. चौथीनंतर शाळा सोडली, पण माझ्या गाडीला दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात टोळीनं ठरवलं, कोल्हापूरपर्यंत गाड्या न्यायच्या आणि हातपाय गमावलेल्या माजी सैनिकांसाठी पैसा उभा करायचा. प्रत्येक गाडीमागं कुणीतरी रक्कम बोललं होतं, माझ्या गाडीमागं आमची आळी. अट एकच: गाडी आपल्या चाकांवर पोचली पाहिजे. मागून टेम्पो येणार होता. गाडी टेम्पोत चढली की तिची रक्कम गेली.

माझ्या मागच्या सीटवर आमच्या आळीतला फौजी. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली सरहद्दीवरच राहिला. परत आल्यावर नकली पायावर उभा राहून त्यानं चाकणला एका कंपनीचं गेट सांभाळलं. मी शेजारच्या कंपनीत लेथवर. शिफ्ट जुळली की दोघं माझ्याच स्कूटरवर यायचो-जायचो, भांडत.

निघताना बायको म्हणाली, "दोन म्हातारे अन् एक खटारा. आत्ताच टेम्पोत बसा की."

"खटारा कुणाला म्हणतीस?"

"तिघांनाबी."

फौजी एवढा हसला, की मला गाडी परत स्टँडवर लावावी लागली.

खंबाटकीपर्यंत गाडी झकास पळाली. आता घाटाचं सांगतो. आमच्या वेळी अशा स्कूटरवर डबलसीट घाट कुणी चढत नव्हतं. पायथ्याला मागचा माणूस उतरायचा, चालत वर यायचा, आणि गाडीवाला माथ्यावर त्याची वाट बघायचा. बायको असो, सासरा असो, साहेब असो, सगळे उतरायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. पण फौजीला मी कसं म्हणणार? आदल्या दिवसापासून माझं ठरलं होतं, गाडी फुटली तरी चालेल, ह्याला उतरवायचं नाही.

पायथ्याला फौजी मागून म्हणाला, "थांबव की."

"गप बस. चढती गाडी."

अर्धा घाट चढली. मग आवाज जड झाला, धूर वाढला आणि एका वळणावर ती बंद पडली. इंजिनाला हात लावला तर चटका. कलवली, किक मारली, परत कलवली. काही नाही. तेवढ्यात मागून टेम्पो आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, घेऊ का वर?"

मी तोंड उघडायच्या आत फौजी गरजला, "गाडीला हात लावायचा न्हाई!"

आणि चालायला लागला. एक हात कठड्यावर, नकली पाय जरा फेकत, चढाला.

"अरे ए, कुठं चाललास?" मी ओरडलो.

"वर! तू तुझ्या म्हातारीला गार कर!"

गाडी गार होईतो मी प्लग काढून घासला. बसवला, कलवली, किक मारली. लागली. पुढच्या वळणावर त्याला गाठलं. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"बस आता."

"माथ्यावर बसतो. चल पुढं, धूर चारू नको मला."

त्याला मागं टाकून जाताना मला काय वाटलं, ते मला लिहिता येणार नाही.

माथ्यावर एका रसाच्या गाड्याशी थांबलो. टेम्पो त्याच्या मागं मागं, पायी चाल्ल्यागत येत होता. फौजी आला, बाकड्यावर बसला आणि चारचौघांत पाय काढून ठेवला. इतक्या वर्षांत मी तो असा काढलेला बघितला नव्हता. कातडी लाल झाली होती. मी रस पुढं केला.

"पायथ्यालाच उतर म्हणायला काय झालं होतं तुला?" तो म्हणाला. "सासऱ्याला उतरवलंस की याच घाटात. मीच काय पाव्हणा लागून गेलो?"

"तुझा पाय..."

"पाय माझा हाय. खालनंच सावकाश आलो असतो, तर तुझी गाडीबी तापली नसती."

मी रस प्यायलो. त्याच्यापुढं चूक कबूल करायची सवय मला नाही.

कोल्हापूर जवळ आलं तेव्हा एक बारकासा चढ लागला. गाडी आरामात चढली असती. तरी मी ती कडेला घेतली आणि मागं न बघता म्हणालो, "उतर."

पार वरपर्यंत शिव्या देत आला. खूश होता.