रोटांच्या पंगतीतली नक्कल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी — जी सुरतच्या भेस्तानात पाण्याच्या टँकरवरचं भांडणसुद्धा तीन आवाजांत रंगवून सांगते! पण हे मात्र गिळून बसले आहे.

नकला मला छान येतात, हे आधी सांगते. शिंकता शिंकता हिशेब विचारणारा आमचा शेठ मी असा उभा करते, की साड्यांना लेस लावणाऱ्या बायका सुई टाकून हसतात. त्या हसण्याची चटक — कशी सांगू तुम्हाला?

तर माझी भाची. भावाची मुलगी, दहावीतली. एका दुपारी ओढणीचं टोक चावत आली. "फुई," — आमच्या खानदेशी घरांत आत्याला फुई म्हणतात — "एक सांगू? पण हसायचं नाही हां."

तिनं एका मुलाला स्वतःचा फोटो पाठवला होता. पाठवू नये असा. आता तो दुसरा मागत होता, नाहीतर पहिला सगळ्यांना दाखवीन म्हणत होता. "पप्पांना नको सांगू. तूच काहीतरी कर ना."

मी काय केलं? हसले. "वा गं हिरॉईन!" म्हटलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली — कुणाला सांगणार नाही, उद्या बघू.

तो उद्या म्हणजे कानबाईच्या रोटांचा दिवस — श्रावणात देवीला दाखवायच्या नैवेद्याच्या पोळ्या. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत. तिथलं बोलणंही घरातच राहील, असं मला वाटलं. — खरंच वाटलं? की पंगत भरलेली दिसली आणि जीभ सुटली?

"आजकालच्या पोरी..." मी सुरू केलं. नाव घेतलं नाही. पण ओढणीचं टोक चावलं. "हसायचं नाही हां" — हुबेहूब तिचा आवाज. पंगत लोळली! कुणीतरी मोबाइलवर काढलंही, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या नातेवाइकांत फिरलं.

ती वाढत होती. गंगाफळाच्या भाजीचं पातेलं तिनं हळूच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. "अक्का, तुले हाई कोनी सांगं?"

इथे — इथेच आहे ते. मी म्हणू शकले असते, तिनंच सांगितलं, फक्त मला; मेसेज पुसू नकोस, चल, पोलिसांत जाऊ, मी येते. पण मग मी शपथ मोडली, हे उघडं पडलं असतं. मी म्हणाले, "मला कोण सांगणार? सगळी सोसायटी बोलतेय."

सोसायटीत कुणालाच काही माहीत नव्हतं.

आठवड्याच्या आत त्यानं तिची शाळा सोडवली आणि तिला गावी ठेवलं. अठरा भरताच लग्न लावून दिलं. मला ती फोनवर "बऱ्या आहात ना?" एवढंच विचारते. अहो-जाहो करून.

त्या मुलानं फोटो कुणालाच दाखवला नाही. फिरली ती माझी नक्कल.

मध्यंतरी माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. बाई म्हणाल्या, मूल असलं काही सांगायला आलं, तर आधी ऐकून घ्या, हसू नका. पहिल्या रांगेत बसून मीच सर्वांत जास्त मान डोलावली. घरी आले, तर माझ्या मुलीनं मला पाहून मोबाइल उपडा ठेवला. काय गं, विचारलं. "काही नाही," म्हणाली.

गेल्या श्रावणात रोटांच्या पंगतीत फर्माईश झाली — ती ओढणीवाली कर ना!

मी केली. सगळे हसले.