समुद्राकाठी भेटलेली राजुऱ्याची बाई

लकव्यानंतर माझा उजवा हात खांद्यापर्यंत उचलला जात नव्हता. चंद्रपूरला खाणीच्या वसाहतीत हौसेनं खेळायचो, ते गोल्फ सुटलं. परदेशात पोरीकडे गेलो, तेव्हा तिनं मला बळेच समुद्राकाठच्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर सोडलं.

तिथं खेळायला जोडीला एक वयस्क बाई मिळाली. मी पुटपुटलो, "काऊन एवढी हवा सुटली बापा!" तशी ती गर्रकन वळली.

"भाऊ, चंद्रपूरकडचे का तुमी? मी राजुऱ्याची!"

प्रत्येक फटक्याआधी ती ओढणी कमरेला खोचायची, वाऱ्याची दिशा पाहायला चिमूटभर गवत हवेत सोडायची आणि हसायची.

एके ठिकाणी कड्यावरून मारलेला चेंडू खालचं उसळतं पाणी ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पडायला हवा होता. मी काठी खाली टेकवली.

"मले नाई जमणार, बाई."

"समुद्रात गेला तं जाऊ द्या, भाऊ. समुद्राले का ओझं होते? मारा तं खरं!"

मी मारला. चेंडू पाण्यातच गेला, पण हात खांद्याच्या वर गेला होता. माझे डोळे भरून आले. ती लाटांकडे पाहत थांबली.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिचं भलं मात्र मी रोज चिंततो. त्या संध्याकाळी पोरगी मला घ्यायला आली, तेव्हा तिच्या डोक्यावर मी उजवा हात ठेवला.