नळीच्या आधी दही

"हृदयाची झडप अरुंद झाली आहे," महाडचे डॉक्टर म्हणाले. सुनंदानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे बघितलं. जणू आता मी भाव करून ती रुंद करून आणणार! बिरवाडीतलं पत्र्याचं दुकान मी घासाघीस करूनच उभं केलंय. तिचा भरवसा तसा रास्तच.

तिला केर काढतानाही धाप लागायची. झडप फुगा घालून उघडता येते; पण आत रक्ताची गुठळी असेल तर नाही, ती सुटून मेंदूत जाऊ शकते. छातीवरून केलेल्या इकोत तो कोपरा नीट दिसत नाही. म्हणून पनवेलला टीईई ठरली. म्हणजे घशातून नळी घालून केलेली सोनोग्राफी. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, त्यामुळे चित्र स्वच्छ येतं.

निघताना दारात वहिनी. कुडपणच्या आमच्या वडिलोपार्जित घराची वाटणी भावानं मला न विचारता केली, तेव्हापासून आमचं येणंजाणं बंद. तरी ती दही-साखर घेऊन आली होती.

"घे गो, मोठ्या कामाला चाललीस."

मी गाडी वळवत होतो. सुनंदानं हात पुढे केला.

हॉस्पिटलात नर्सनं विचारल्यावर तिनं दही खाल्ल्याचं खरं सांगितलं. तपासणी रद्द.

"चमचाभर तर दही! दुपारी करा," मी म्हणालो.

"काका, इथे घासाघीस नाही," नर्स म्हणाली. "उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर? उद्या सकाळी, उपाशीपोटी."

फोनवर वहिनीला वाट्टेल ते बोललो. सकाळी ती वॉर्डाच्या दारात हजर!

"वरडा भावजी, पन ती भायेर आल्यावर. आता मला तिच्याजवळ बसू द्या."

ज्यांना ही तपासणी सांगितली असेल त्यांनी घाबरू नये. घसा फवाऱ्यानं बधिर करतात, गुंगीचं औषध देतात, कुशीवर झोपवतात. नंतर बधिरपणा जाईपर्यंत पाणीही देत नाहीत. सुनंदा पाणी मागत राहिली आणि वहिनी तिचे ओठ ओल्या रुमालानं टिपत राहिली.

डॉक्टर बाहेर आले. "गुठळी नाही. फुगा घालता येईल." आता वहिनीवर ओरडायची वेळ होती; मी तिच्यासाठी चहा आणायला गेलो.

झडप उघडली. सुनंदा घरी आली.

भावाशी वाद अजून आहे, आणि मागची पडवी मी सोडणार नाही. पण सुनंदा कुडपणला जाऊ म्हणाली तेव्हा मुकाट्यानं गाडी काढली. वरच्या चढावर दोघी जावा बोलत, हसत पुढे गेल्या.

"या की हो, भावजी!" वहिनीनं वरून हाक मारली.

धापा टाकत मी म्हणालो, "आलो, वहिनी."