बारीक घंटी

शिवशंकर स्पीकर तपासताना गाणं लावत नाही. त्याच्या मोबाइलमध्ये घंट्यांचं एक रेकॉर्डिंग आहे. त्याच्या गावी, धावड्याला, त्याच्या वडिलांचा, त्रिंबकरावांचा, मेंढरांचा कळप रानातून परत येतानाचं. सात मेंढ्यांच्या गळ्यात सात घंट्या. लहानपणी तो डोळे मिटून सांगायचा, कोणती मेंढी मागे राहिली. गाण्यात चूक झाकून जाते, घंटीत जात नाही, असं तो म्हणतो.

सातवी घंटी सगळ्यात बारीक. एका लंगड्या मेंढीची. दोन वर्षांपूर्वी त्याने नवा मोबाइल घेतला तेव्हा मला म्हणाला होता की, ती घंटी कॉपी करताना उडाली. मी मान हलवली. रेकॉर्डिंग नीट ऐकून पाहिलं नाही.

स्पीकरच्या कामाआधी सहा वर्षं तो एमआयडीसीत सळई मिलमध्ये होता. तिथे बाकीचे कानात बोळे घालत. हा घालत नसे. राखणीवरच्या माणसाने कान झाकायचा नाही, हा त्रिंबकरावांचा नियम. पौषाच्या थंडीतही ते रानात कानावर मफलर घेत नसत. मिलमध्ये लाल सळई उसळली तर आधी कुणाची तरी हाक येणार, ती ऐकू आली पाहिजे, असं शिवशंकरचं म्हणणं. लोक हसायचे. त्याला त्याचा अभिमान होता.

मिल सोडून तो घरोघरी स्पीकर बसवायला लागला. मी एम.ए. होऊन घरी बसलेलो. अधूनमधून त्याच्याबरोबर जायचो. तो मला मास्तर म्हणतो. अजून कुठल्याच शाळेने म्हटलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात नरहरकाकांचं काम आलं. काका बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. ताराकाकूंची नजर जवळजवळ गेलेली. आयुष्यभर वाचत आलेली बाई. आता पुस्तकं ऐकतात. त्या स्वयंपाकघरात गेल्या, देवघरात गेल्या, तरी वाचणारा आवाज सोबत राहावा, अशी काकांची इच्छा. पाच खोल्या, प्रत्येक खोलीत एक छोटा ॲम्प्लिफायर, छतात दोन स्पीकर. सगळं वायफायवर, एका मोबाइलवरून चालणारं.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला आवाज हॉलमधल्या आवाजाच्या मागून यायला लागला. अर्धा शब्द मागे. शिवशंकर दारात उभा राहिला, दोन्हीकडे कान दिला आणि सरळ राउटरकडे गेला. राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता. तो काढून वर ठेवला. आवाज जुळला. काकांनी कॉलनीत सांगितलं, या पोराचा कान सोन्याचा आहे.

मग काकू म्हणाल्या, बेडरूममध्ये शिट्टी वाजते. बारीक, सारखी.

शिवशंकर दोनदा जाऊन आला. शिट्टी नव्हती. त्याने वायर बदलली, स्पीकर बदलले. तरी काकू तेच म्हणत होत्या. काकू दुपारच्या बेडरूममध्ये पडेनाशा झाल्या. हॉलमध्ये खुर्चीत बसून राहायच्या. काकांनी शेवटी संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. डोळे गेले, आता कान वाजायला लागले, असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. काकू तिथेच बसल्या होत्या.

रविवारी सकाळी शिवशंकरने मला शिडी धरायला नेलं.

बेडरूमच्या दारातच मला शिट्टी ऐकू आली. डासाच्या आवाजासारखी, पण न हलणारी. मी शिवशंकरकडे पाहिलं. तो शिडीवर चढला होता. कान स्पीकरला लावून, डोळे मिटून.

"बिलकुल शांत," तो म्हणाला.

माझे हात शिडीवर होते. मी काही बोललो नाही. काकू दाराशी आल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. तेव्हाही मी बोललो नाही.

त्याने काकूंची समजूत घालण्यासाठी घंट्यांचं रेकॉर्डिंग लावलं. स्पीकरमध्ये खोट असती तर घंटीत कळली असती, असं म्हणाला. कळप खोलीतून जायला लागला. जाड घंट्या पुढे, बाकीच्या मागे.

काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "शेवटची फार गोड आहे रे. ती बारीक."

शिवशंकर शिडीवरून उतरला. रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. संपेपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिला. मग मला विचारलं, "मास्तर, बारीक घंटी वाजून राह्यली का?"

"हो."

"आन शिट्टी?"

मी हो म्हणालो.

"कवापासून?"

"आत आल्यापासून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मी काय करू, मला अजून कळलेलं नाही.

काका हॉलमध्ये होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात पुसत होता. हाताला काही लागलं नव्हतं.

"काका, काकूला दवाखान्यात नेऊ नका. त्यांचं बराबर हाये. मलाच ऐकू येत न्हाई."

काकांना आधी वाटलं, तो गंमत करतोय. मग ते उठले आणि काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, "आधी त्याला पाणी द्या."

पुढचं काम माझ्या कानांनी झालं. तो एकेक वस्तू बंद करायचा आणि माझ्या हाताकडे बघायचा. शिट्टी असेपर्यंत मी हात वर धरायचा, असं ठरलं. पंखा. दिवा. इन्व्हर्टर. हात वरच होता. मग त्याने बेडरूमच्या ॲम्प्लिफायरला हॉलचा अडॅप्टर लावला. मी हात खाली घेतला. बेडरूमचा अडॅप्टर बॉक्समधून आलेला नव्हता. तो कमी पडला म्हणून शिवशंकरने बाजारातून साधा आणला होता. त्याने तो हातात धरून उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला.

निघताना काका म्हणाले, पुढच्या आठवड्यात माझ्या भाच्याच्या बंगल्याचं काम होतं ना, ते जरा थांबवू. आवाज अगदी नरम होता. शिवशंकर "हो" म्हणाला. काकू आत जाऊन पडल्या होत्या. वाचणारा आवाज चालू होता.

बाहेर त्याने मोटारसायकलला चावी लावली, पण सुरू केली नाही.

"मिलमधी सगळे बोळे घालायचे," तो म्हणाला. "म्या एकटाच मोकळ्या कानानं फिरलो. राखण करून राह्यलो म्हणं."

मी मागे बसलो.

"ती घंटी कशी वाजती, सांग."

मी ती आठवून पाहिली.

"बारीक," मी म्हणालो.

"ते तर म्याच तुला सांगितल्तं," तो म्हणाला, आणि किक मारली.