नंबरकाकांचा टोन कुठे गळतो

आख्ख्या गल्लीच्या डोळ्यांचे नंबर तोंडपाठ, म्हणून सगळे त्यांना नंबरकाका म्हणतात. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काचा घासल्या, फ्रेमा वाकवल्या, कुणाच्या नाकावर काय शोभत नाही ते तोंडावर सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. पण घरी आले रे आले की मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, गिटार घेऊन बसणार म्हणजे बसणार. आणि वाजवतात बरं का, खरंच छान वाजवतात! फक्त आजवर कुणी "वाजवा" म्हणालं नव्हतं. "थांबवा" म्हणणारे पुष्कळ.

आणि मग ते झालं! चष्मा न्यायला आलेल्या नाटकवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्या नाटकात नवरा-बायको भांडून गप्प बसतात, तिथे दोन मिनिटं गिटार हवीय. घरीच रेकॉर्ड करा. रविवारी पाचपर्यंत आलं तर तुमचं, नाहीतर दुसरा एक तयारच बसलाय." काकांनी आनंदाच्या भरात त्यांना दुसऱ्याच कुणाचा तरी चष्मा दिला.

रविवारी सकाळी काकांनी एका दमात वाजवलं. मग ऐकलं. आणि चेहरा असा पडला की बस! आवाज मऊ, गुळमुळीत, गोधडीखालून आल्यासारखा. तारांची ती वरची चकाकी, ती किणकिण, गायब!

"टोन गळतोय," काका म्हणाले.

"मग प्लंबर बोलवा," बायको म्हणाली.

आता काकांची भानगड अशी, की त्यांच्या गिटारचा आवाज सरळ ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात, जातच नाही. मध्ये सात पेडल, म्हणजे पायानं दाबायच्या लोखंडी डब्या. एक आवाज घुमवते, एक फाडते, एक लांबवते, आणि एक काय करते ते काकांनाही माहीत नाही पण तिचा रंग छान आहे. एकीतून वायर दुसरीत, दुसरीतून तिसरीत. सात डब्या, आठ वायरी, आणि प्रत्येकीवर काकांचा संशय. यातली कोणीतरी वाटेतच आवाजाची साय खातेय!

पकडायची कशी? काकांना जगात एकच तपासणी येते, डोळ्यांची. ते पाठ करून खुर्चीत बसले आणि बायकोला डब्यांपाशी बसवलं. "मी तोच सूर वाजवणार. तू एकेक डबी काढत जा, कुठली ते सांगू नकोस. फक्त विचार, आधीचं बरं की आत्ताचं?"

"आधीचं बरं की आत्ताचं?"

"सारखंच."

"आता?"

"सारखंच गं! नीट काढतेयस ना?"

"अहो, चार काढल्या! मांडीवर घेऊन बसलेय, पोरं सांभाळल्यासारखी."

सातही निघाल्या. गिटार थेट ॲम्पमध्ये, मध्ये काळं कुत्रं नाही. तरी आवाज गोधडीतलाच! काकांनी वायरी बदलल्या, तारा बदलल्या, चार वाजले. शेवटी चिडून ॲम्पचं ट्रेबलचं बटण, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं, पार शेवटपर्यंत पिळलं. "हां! आता थोडं आलं बघ!"

बायकोनं दोन्ही कान दाबून धरले होते. स्वयंपाकघरातून तिच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई, म्हणजे काकांच्या आई, ओरडल्या, "अगं, कुकर उतरव! शिट्टी थांबेना झालीय!"

बायकोनं काकांकडे बघितलं. मग कपाटातून थर्मामीटर काढला, तो बारीक पिकपिक करणारा, आणि काकांच्या मागे धरून वाजवला.

"कधी वाजवतेयस?" काका म्हणाले.

"कुणाला ताप आलाय गं?" आतून सासूबाई.

बायको हळूच म्हणाली, "अहो, तुमच्याकडे माणसं येतात ना, हल्ली पेपरची छपाई फिकी झालीय म्हणत? त्यांना काय सांगता?"

काका हसले. "सांगतो की, आजोबा, पेपर ठणठणीत आहे, तुमच्या डोळ्..." आणि तिथेच थांबले. बावीस वर्षं लोकांना हे सांगणारा माणूस, सकाळपासून डब्यांवर आळ घेत होता!

"संपलं मग," काका म्हणाले. डोळे भरलेच. "ज्याला ऐकूच येत नाही त्यानं कसला टोन लावायचा? घेऊ दे त्या दुसऱ्याला."

"कानाचा डॉक्टर उद्या. आणि रडायचंच असेल तर पाचनंतर रडा. चार वाजून गेलेत."

तिनं टेबल सरकवलं, ॲम्पसमोर स्वतः बसली आणि बटण हातात घेतलं. काका तिच्यासमोर बसून वाजवायला लागले. ऐकायचं तिनं, बघायचं काकांनी. तिच्या कपाळावर आठी चढली की आवाज टोचतोय, ओठ मुडपले की फारच मऊ झाला. ती बटण इकडेतिकडे करत राहिली, आणि एकदा तिचा सगळा चेहराच सैल पडला, अगदी खांद्यांसकट. काका ओरडले, "तिथेच! हलवू नकोस!"

मग माईक चालू. दोन मिनिटं. काकांनी नजर तिच्यावरून हलवली नाही. शेवटचा सूर विरला. पुन्हा ऐकायला वेळ कुठला? चार अठ्ठावन्नला पाठवून टाकलं, आणि दोघंही जमिनीवर बसली, डब्यांच्या मधोमध.

साडेपाचला बाईंचा मेसेज आला. बायकोनं मोठ्यांदा वाचला. "शेवटी ज्या बाई हळूच 'बास झालं आता, चहा टाकते' म्हणतात, त्या कोण? आमची नटी तीन आठवडे हेच वाक्य असं म्हणायला बघतेय! तो आवाज नाटकात ठेवतोय. गिटारही घेतोय."

"मी असं कधी म्हणाले?" बायकोनं फोन छातीशी धरला. मग मान किंचित वर करून, एकदम नटीच्या आवाजात, "आई! इकडे या जरा!"

काकांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला, शेवटचे दोन शब्द चार वेळा वाचले आणि चारही वेळा पोरासारखे हसले.