शेवंतीच्या पदरातले बोंबील

शेवंती गेल्याचा निरोप पालघरला, आम्ही आता राहतो तिथल्या शेजाऱ्यांच्या फोनवर आला. मी रडले, नाही असं नाही. पण सगळ्यात आधी मनात आलं ते भलतंच… हिला माझं जे माहीत होतं, ते आता कुणालाच माहीत नाही. सुटल्यासारखं वाटलं. सव्वा महिना झाला, त्या वाटण्याची लाज जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

शेवंती माझी धाकटी जाऊ. मी पालघरची, मॅट्रिक झालेली; ती उमरोळीची, चौथी पास. तारापूरजवळच्या आमच्या वाडीत मी तिच्याआधी तीन वर्षं सून म्हणून आलेली, स्वयंपाकात तिच्यापेक्षा उजवी. तरी सासूबाईंच्या तोंडी नाव तिचं आणि रडणारं पोर तिच्याच कडेवर गप्प व्हायचं. जळायची मी, सरळ सांगते. पण खंड्या तरी माझा होता! पिल्लू असताना मीच त्याला माहेरून पिशवीत घालून आणला होता. भाकरी मी घालायची आणि मारही मीच द्यायची. आमचे दोघींचे नवरे दिवसभर बोईसरला कारखान्यात, तेव्हा राखणीचा कुत्रा धाकात हवा, हे माझं मत. ओट्यावर चढला की काठी, भाकरीला तोंड लावलं की काठी. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं वर ऐकवायची.

त्याचं व्हायचं तेच झालं. हातात काठी दिसली की खंड्या माणसाच्या अंगावर धावून जाऊ लागला. एका सकाळी आमची नेहमीची मासळीवाली पाय मुरगळला म्हणून काठी टेकत आली, आणि तो तिच्या पोटरीला चावला. बिचारीला पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "पोत्यात घाला नि वैतरणेच्या पल्याड सोडून या." खोडीच्या कुत्र्याचं आमच्याकडे तेच करायचे. खाडीपलीकडून तो परतत नाही आणि तिकडची कुत्री त्याला जगू देत नाहीत. कुत्रा माझा. बोलली ती शेवंती. "आई, पावसाचं सुकं घरात भरेपर्यंत थांबा. मी बघते."

पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील तेव्हा अंगणात बांबूवर वाळत होते. राखणीच्या कुत्र्याला सुक्या मासळीची चव लावायची नाही, हा घरोघरचा नियम. लावली की बांबू रिकामे. शेवंतीनं नेमके बोंबलाचेच तुकडे पदराच्या गाठीत बांधले. काठी दिसूनही तो शांत राहिला की तुकडा द्यायचा, असा तिचा बेत. "काठी घेऊन कोण येईल?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. तर म्हणते, "ताईच येतील. त्याला त्यांचीच भीती हाय." सगळ्यांसमोर! माझे कान तापले.

रोज मी विहिरीपाशी काठी घेऊन उभी राहायची. मला पाहून खंड्या गुरगुरला नाही, की शेवंती लगेच त्याच्यापुढे तुकडा टाकायची. मग मी एक पाऊल पुढे. गुरगुरला तर ती ओरडायची नाही, मलाच मागे जायला खुणावायची. "त्याची चूक नाय, आपुन लवकर पुढं आलो." आठवड्यात मी तुळशीपर्यंत पोचले. काठी दिसली की तो आता तिच्या तोंडाकडे बघायचा. माझा कुत्रा… तिच्या तोंडाकडे.

मला ते सोसेना. दुपारी ती बागायतीत शिंपणं करायला गेली की मी मागच्या दारी मूठभर बोंबील घेऊन बसायची. मला बघून तो भुंकायचा, आणि त्यानं गप्प व्हावं म्हणून मी तुकडा टाकायची. करायला गेले गणपती, झाला मारुती! भुंकलं की मासळी मिळते, हे तो चार दिवसांत शिकला. पाचव्या दिवशी मी काठी घेऊन विहिरीपाशी दिसताच त्यानं गाव डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी पोतं मागितलं.

शेवंतीनं माझ्याकडे पाहिलं. सकाळी मागचं दार झाडताना तिनं बोंबलाची शेपटी उचललेली मी पाहिली होती. आता सांगणार, असंच मला वाटलं. ती म्हणाली, "चूक माझी, आई. मीच घाई केली. आणखी आठ दिस द्या." मग विहिरीवर, घागर भरता भरता, माझ्याकडे न बघता बोलली, "ताई, भुंकल्यावर देऊ नका. गप झाला की द्या. तुमच्या पन हातचं खाईल." बस्स. पुन्हा आयुष्यात तो विषय नाही. मला तिचा सगळ्यात जास्त राग आला तो त्याचा. सांगितलं असतं तर फिट्टंफाट झाली असती!

आठव्या दिवशी मासळीवाली काठी टेकत आली. खंड्या बसून राहिला, शेवंतीकडे बघत. बांबूवरच्या बोंबलाला त्यानं कधी तोंड लावलं नाही. मासळी हिच्या पदरातून येते, एवढंच त्याला ठाऊक. मी मात्र त्याला पुन्हा तुकडा दिला नाही. भीती वाटायची. पुढे लोक आपली जनावरं घेऊन तिच्याकडे येऊ लागले, बोईसरच्या एका साहेबाची बायको तर जीपमधून. तिला ती 'शेवंतीताई' म्हणायची आणि मला, "जरा पाणी मिळेल का?"

परवा वाडीत गेले. गुडघ्यांमुळे आता माझ्याच हातात काठी असते. तिचा शेवटचा कुत्रा तांबू, रस्त्यावरून उचललेला, अजून पुरता न सुधारलेला, तिच्या दारात बसला होता. काठी बघून गुरगुरला. मी मागे सरकत विहिरीपाशी गेले. तिथल्या दोरीवर तिची बागायतीत नेसायची साडी तशीच होती. पदराची गाठ कुणी सोडली नव्हती. आत तीन तुकडे निघाले. तो गप्प होईपर्यंत उभी राहिले… खूप वेळ. मग एक तुकडा टाकला. तांबू आला, खाल्ला, आणि वळून तिच्या दाराकडे बघत बसला. मेल्यावरही हिच्याचकडे! राग आला मला. आणि मग मीही दाराकडे वळले, तिला सांगायला, की शेवंती, माझ्या पण हातचं खाल्लं गं.